गाणं तेच, मग आवाज वेगळा का?

तुमच्या घरात गाणी किती ठिकाणांहून वाजतात, कधी मोजून पाहिलंत? एकदा बोटांवर मोजाच. सासूबाईंच्या उशाशी जुन्या गाण्यांचा, बटणं दाबायचा डबा. स्वयंपाकघरात ओट्यावर पेल्याएवढा ब्लूटूथ स्पीकर. बैठकीत टीव्ही. यजमानांच्या गाडीत पेनड्राईव्ह. मुलांच्या कानात बिनवायरचे इअरफोन. आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात सीडींची चळत. ‘यंदा काढून टाकू या’ असं दर दिवाळीच्या साफसफाईत ठरतं, आणि धूळ पुसून ती पुन्हा वरच जाऊन बसते.

गंमत अशी, की एकच अभंग या सहा ठिकाणी सहा तऱ्हांनी ऐकू येतो. कुठे टाळ कानाला टोचतात, कुठे तबल्याचा डग्गा नाहीसाच होतो, कुठे गाणारा शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. मग घरात वाद सुरू होतात. यजमान म्हणतात, “सीडीची सर कशालाच नाही.” चिरंजीव म्हणतात, “आई, नवे हेडफोन घेतल्याशिवाय खरं गाणं कळणारच नाही.” सासूबाई म्हणतात, “आमच्या रेडिओचा आवाज किती गोड होता!” आणि पैसे मोजायची वेळ आली, की निवाडा मात्र तुमच्याकडे येतो. तेव्हा या वादात खरं किती आणि हौसेचं किती, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं. विषय यंत्रांचा असला तरी अवघड नाही. पाटावरवंट्यापासून मिक्सरपर्यंत आलेल्या बायकांना त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

ठिपक्यांची रांगोळी

आवाज म्हणजे हवेतली लाट. जुन्या काळ्या तबकडीवर ती लाट खाचेच्या रूपाने कोरलेली असे. सीडी, मोबाईल, पेनड्राईव्ह यांच्यात मात्र आवाजाचे आकडे साठवलेले असतात. कसे? आपली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. लाटेवर ठरावीक अंतरावर ठिपके ठेवायचे, प्रत्येक ठिपका किती उंचीवर आहे ते लिहून ठेवायचं, आणि वाजवताना ते ठिपके पुन्हा जोडायचे. लाट परत उभी राहते.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तयार केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याच्या उंचीला ६५,५३६ पायऱ्या असतात. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. तरुण, निरोगी माणसाला सेकंदाला साधारण २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. एखादी लाट बिनचूक परत उभी करायची, तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून थोडे जास्त ठिपके लागतात. २०,००० ची दुप्पट ४०,०००, आणि वर थोडी पुस्ती. म्हणजे माणसाच्या कानाला जेवढं ऐकू येतं, तेवढं सगळं सीडीत मावतं.

हल्ली ‘हाय-रेझोल्यूशन’ नावाने सेकंदाला ९६,००० ठिपक्यांचं संगीतही मिळतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टुडिओला त्याचा उपयोग आहे, कारण नंतर आवाजावर बरंच काम करायचं असतं. पण घरी ऐकणाऱ्यासाठी ते ठिपके वाढवून रांगोळी काही निराळी उमटत नाही. एवढ्याचसाठी कुणी जास्त पैसे मागत असेल, तर खुशाल पुढच्या दुकानाची वाट धरा.

साडीची घडी आणि शिंप्याची कात्री

सीडीचा एक दोष होता. गाणं फार जागा खायचं. एका मिनिटाला साधारण साडेदहा एमबी! सुरुवातीच्या संगणकात आणि टेलिफोनच्या तारांवरच्या इंटरनेटला एवढं ओझं पेलणार कसं? तेव्हा ते लहान करण्याच्या दोन तऱ्हा निघाल्या, आणि आजचा सगळा फरक या दोन तऱ्हांमध्ये आहे.

पहिली तऱ्हा म्हणजे नऊवारीची घट्ट घडी. साडी लहान पेटीत बसते, पण उलगडलीत की एक दोराही कमी झालेला नसतो. ॲपमध्ये ‘लॉसलेस’ किंवा फाईलच्या नावाशेवटी ‘फ्लॅक’ असं दिसलं, तर समजा की ही घडी आहे. गाणं साधारण निम्म्या जागेत बसतं आणि वाजताना जसंच्या तसं उलगडतं.

दुसरी तऱ्हा शिंप्याच्या कात्रीची. एमपी३ त्यातलीच. हे तंत्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी घडवलं आणि ‘एमपी३’ हे नाव १९९५ साली पक्कं झालं. त्यामागची युक्ती मोठी हुशारीची आहे. कुकरची शिट्टी होत असताना रेडिओवरचं गाणं तुम्हाला ऐकू येत नाही ना? गाणं चालूच असतं, पण मोठ्या आवाजाखाली ते झाकलं जातं. संगीतातही असंच घडतं. मोठ्या सुराच्या सावलीत बारीक सूर लपतात. एमपी३ ते लपलेले, न ऐकू येणारे सूर शोधतो आणि कापून टाकतो. जे ऐकूच येत नाही त्याला जागा कशाला द्यायची?

आता ही कात्री किती चालवली यावर सगळं अवलंबून आहे. तिचं माप ‘किलोबिट’मध्ये सांगतात. सीडीत सेकंदाला १,४११ किलोबिट असतात. एमपी३ मध्ये ३२० ठेवले तर कापड बेतशीर कापलं गेलं. बहुतेक माणसांना मूळ आणि कापलेलं यांतला फरक डोळे मिटून ओळखता येत नाही. १२८ वर आलं की कान तयार असलेल्याला जाणवू लागतं. ६४ वर तर कुणालाही कळतं.

काय कळतं? टाळ, झांजा आणि टाळ्यांचा कडकडाट यांना पाण्याखालून आल्यासारखी सळसळ येते. चिपळीचा किंवा तबल्याचा टणक ठोका बोथट होतो, कधी ठोक्याच्या आधी एक बारीक ‘फस्स’ ऐकू येतं. तानपुऱ्याची जवारी विरून जाते. आणि एक नवल ऐका. हे तंत्र घडवताना कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्ग या शास्त्रज्ञाला सगळ्यात जास्त छळलं ते एका बाईच्या एकट्या आवाजाने. सुझॅन वेगा या अमेरिकन गायिकेचं, कुठल्याही वाद्याची साथ नसलेलं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं सुरुवातीच्या प्रयोगांत अगदी भेसूर होऊन बाहेर पडे. मोठ्या वाद्यवृंदात चुका लपतात, पण एकट्या गळ्याला झाकायला कुणीच नसतं. म्हणून ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी आपलं काम सुधारलं. तुम्हालाही एखाद्या साधनाची परीक्षा घ्यायची असेल, तर ढणढण वाजणारं सिनेमातलं गाणं लावू नका. एखादा अभंग, एखादी साथीशिवाय म्हटलेली ओवी, नाहीतर नुसत्या तानपुऱ्यावरची आलापी लावा. लबाडी लगेच उघडी पडेल.

एकेका साधनाची झडती

*सीडी.* तुमच्या घरातली ही सगळ्यात अस्सल प्रत असण्याचा संभव आहे. ती चळत टाकू नका. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, ताट घासल्यासारखं गोल गोल नको. बारीक ओरखडे वाजवणारं यंत्र स्वतःच सांभाळून घेतं. पण छापील बाजूला जपा. माहितीचा थर त्याच बाजूला, छपाईच्या अगदी खाली असतो. घरी किंवा दुकानात ‘राईट’ करून घेतलेल्या सीडीचं आयुष्य छापील सीडीपेक्षा कमी. त्यातला रंग उन्हाने आणि काळाने फिका होतो. लग्नामुंजीच्या अशा सीडी असतील, तर त्या आजच संगणकात उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, पण बाहेरून जोडायचं छोटं यंत्र मिळतं.

*पेनड्राईव्ह.* ‘एक हजार सदाबहार गाणी’ म्हणून विकत मिळणाऱ्या पेनड्राईव्हमध्ये काय भरलंय, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुम्ही मात्र तपासू शकता. चार मिनिटांचं गाणं साधारण चार एमबीचं असेल, तर ते १२८ चं. साडेनऊच्या आसपास असेल तर ३२० चं. मात्र इथेही एक फसवणूक आहे. १२८ ची फाईल ३२० मध्ये बदलली तर आकार वाढतो, आवाज नाही. कापलेला पदर मोठ्या पेटीत ठेवला म्हणून साडीला परत जोडला जात नाही, तसंच हे.

*मोबाईलवरची ॲप.* इथे चावी तुमच्या हातात असते आणि बहुतेकजणी ती फिरवतच नाहीत. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा ठरवायचा कप्पा आहे. फुकटच्या योजनेत मोबाईलवर १६० किलोबिटपर्यंत आवाज मिळतो, पैसे भरून त्याहून उंच आवाजाच्या योजनाही घेता येतात. ‘ऑटोमॅटिक’ ठेवलंत तर नेट मंदावलं की आवाज आपोआप उतरतो, तोही तुम्हाला न सांगता. ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून वेगळे पैसे न घेता लॉसलेस आवाज द्यायला सुरुवात केली. पण डेटाचा हिशोबही पाहा. ९६ किलोबिटला तासाला सुमारे ४३ एमबी लागतात, ३२० ला १४४, आणि लॉसलेसला तीनशे-चारशे. तेव्हा घरच्या वायफायवर उंच आवाज आणि बाहेर मध्यम, अशी वाटणी करून ठेवावी. आवडीची गाणी घरी असतानाच उतरवून घेतली तर प्रवासात खर्चही नाही आणि अडखळणंही नाही.

*यूट्यूब.* इथे आवाज साधारण १२८ किलोबिटच्या आसपास असतो. तंत्र एमपी३ पेक्षा नवं असल्यामुळे तेवढ्यातही तो बरा लागतो. खरी अडचण निराळी आहे. गाणं कुणी चढवलं, कशावरून उतरवून चढवलं, याला काही धरबंध नाही. कुणी घासलेल्या कॅसेटवरून, कुणी टीव्हीसमोर मोबाईल धरून! म्हणून ज्या कंपनीने गाणं काढलं तिच्या स्वतःच्या चॅनेलवर शोधा. आणि नुसतं ऐकायचं असेल तेव्हा चित्र कशाला चालू ठेवायचं? गाण्यापेक्षा त्या चित्रालाच जास्त डेटा लागतो.

*ब्लूटूथ.* दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून हे नाव आलं. सोय म्हणून याला तोड नाही. पण ब्लूटूथ हवेतून गाणं पाठवताना त्याला पुन्हा एकदा कात्री लावतो. नेहमीच्या साधनांत ही दुसरी कात्री ३२८ किलोबिटपर्यंतची असते. सोनीच्या ‘एलडॅक’सारख्या पद्धतीत ९९० पर्यंत जाता येतं, पण मोबाईल आणि हेडफोन दोघांनाही ती भाषा यावी लागते. म्हणजे लॉसलेससाठी पैसे भरायचे आणि साध्या ब्लूटूथवर ऐकायचं, हे केशर घालून दूध आटवायचं आणि मग त्यात तांब्याभर पाणी ओतायचं, असं झालं. स्वयंपाक करताना ऐकायला ब्लूटूथ उत्तम. मन लावून ऐकायचं असेल तेव्हा तार जोडा. मोबाईलला हेडफोनची गोल खाच नसेल, तर चार्जिंगच्या खाचेत बसणारा छोटा जोड मिळतो.

*टीव्ही.* टीव्ही जितका पातळ होत गेला, तितका त्याचा स्पीकर आक्रसला. त्याचं तोंड बहुधा खाली किंवा भिंतीकडे असतं, म्हणून संवाद पुटपुटल्यासारखे लागतात. लहानशी साउंडबार तारेने जोडली तर फरक ताबडतोब कळतो. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्याही लागतात, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं. दुपारच्या निवांत वेळी चित्राशिवाय रेडिओ ऐकायची ही छान सोय आहे.

*बटणांचा डबा.* सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. तिने २०१७ साली ‘कारवां’ काढला, त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली होती. आवाजाच्या शर्यतीत तो पहिला येणार नाही. पण सत्तरीच्या सासूबाईंना चष्मा न शोधता हवं ते गाणं लावता येतं, हे त्याचं मोल कुठल्या किलोबिटात मोजणार?

मुळात जे नाही, ते कुठून येणार?

आता एक गोष्ट जी दुकानदार कधीच सांगत नाही. आवाजाचा सगळ्यात मोठा फरक यंत्रामुळे पडत नाही, मूळ ध्वनिमुद्रणामुळे पडतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. मोठ्या भोंग्यात तोंड घालून गावं लागे. खालचे खर्जातले आणि अगदी वरचे सूर त्या भोंग्यातून तबकडीपर्यंत पोचतच नव्हते. ते मुद्रण आज कितीही महाग यंत्रावर वाजवलं, तरी न नोंदलेला सूर उमटणार नाही.

गीतरामायणाचंच पाहा. गदिमा आणि सुधीर फडके यांची ही ५६ गाणी पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये निरनिराळ्या गायक-गायिकांच्या आवाजात प्रसारित झाली. पुढे बाबूजींच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रिका निघाल्या, जाहीर कार्यक्रम झाले, कॅसेटी आणि सीडी आल्या. तुम्ही मोबाईलवर नाव टाकलंत की यातलं कुठलंही समोर येतं. मग एकीकडे आवाज स्वच्छ आणि दुसरीकडे खरखरीत वाटला, तर तो मोबाईलचा दोष नसतो. दोन निराळी मुद्रणं आपण एकमेकांशी ताडत असतो. तुलना करायची तर एकाच मुद्रणाची करायला हवी.

शिवाय जुनी गाणी ‘मोनो’ असतात. डावीउजवीकडे एकच आवाज. त्यांना दोन स्पीकरांचा थाट लागत नाही. एक चांगला स्पीकर पुरे. काही कंपन्या जुन्या गाण्यांना नंतर ठेका आणि घुमारा जोडून ‘नवा साज’ चढवतात. तो कुणाला आवडेल, कुणाला नाही. पण घेताना पाकिटावर किंवा ॲपवर काय लिहिलंय ते वाचा.

खर्च न करता आवाज सुधारा

मुद्रणाच्या खालोखाल महत्त्वाचा स्पीकर आणि त्याची जागा. जागा बदलायला पैसेही पडत नाहीत.

स्पीकर कोपऱ्यात ठेवलात की खर्ज फुगतो आणि शब्द गुदमरतात. फडताळात कोंबलात तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. भिंतीपासून वीतभर-हातभर पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा ठेवा. दोन स्पीकर असतील, तर दोघांमध्ये जितकं अंतर, तितक्याच अंतरावर तुमची खुर्ची असू द्या. फरशी आणि मोकळ्या भिंती यांच्या खोलीत आवाज घुमतो. एक सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट एवढ्याने तो शांत होतो. स्वयंपाकघरात स्पीकर गॅसच्या धगीपासून आणि वाफेपासून दूर हवा. मुलं मोबाईल रिकाम्या पातेल्यात ठेवतात ना? आवाज मोठा होतो खरा, पण मग गाण्याबरोबर पातेलंही गाऊ लागतं.

तारांच्या बाबतीत एक सांगून ठेवते. टीव्ही आणि साउंडबार यांच्यामध्ये एचडीएमआयची साधी, धड तार पुरते. त्यातून आकडे जातात. ते पोचले तर पूर्ण पोचतात, नाहीतर आवाज तुटक येतो. सोन्याचा मुलामा दिल्याने त्यांना गोडवा येत नाही. सोनं आपलं गळ्यातच शोभतं.

भिशीच्या दिवशी परीक्षा

दुकानात दोन साधनं ऐकवताना विक्रेता महागडं जरा मोठ्याने लावतो. आवाज थोडा जरी मोठा असला, तरी आपल्या कानाला तो ‘चांगला’ वाटतो, ही माणसाची उपजत खोड आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं, की आवाज लहान केला की कानाला खर्ज आणखीच कमी ऐकू येतो. म्हणून दोन्हींचा आवाज समान करून मगच ऐकवा, असं ठणकावून सांगा.

घरी खरी पारख करायची असेल तर एक खेळ आहे. मुलाला सांगा, एकाच सीडीवरचं एकच गाणं संगणकात दोन तऱ्हांनी उतरव: एक जसंच्या तसं आणि एक १२८ च्या एमपी३ मध्ये. दोन्ही एकाच स्पीकरवर, एकाच आवाजात वाजवायची. पाठमोरं बसायचं. जाऊबाईंनी दर वेळी नाणं उडवायचं आणि छापा पडला तर पहिलं, काटा पडला तर दुसरं लावायचं. तुम्ही कागदावर लिहायचं, कोणतं वाजलं ते. असं दहा वेळा. दहापैकी पाच-सहा बरोबर आली, तर तो नुसता अंदाज. डोळे मिटून सांगितलं तरी तेवढी येतात. नऊ किंवा दहा आली, तर तुमचे कान खरोखर फरक ओळखताहेत. निव्वळ नशिबाने तेवढी बरोबर येण्याची वेळ शंभरात एखादीच. मग हाच खेळ ३२० वर खेळा. भल्याभल्या शौकिनांची दांडी गुल होते. यजमानांना आवर्जून बसवा, म्हणजे पुढच्या खरेदीचा प्रश्न चहाच्या कपाबरोबरच निकालात निघेल!

कान आहेत तर गाणं आहे

गाण्याची पारख करता करता कानांकडे दुर्लक्ष नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाचच. इअरफोन कानात असताना शेजारी बसलेल्याला गाणं ऐकू येत असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. पुष्कळ मोबाईलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवता येते. मुलांच्या मोबाईलवर ती आजच लावा. कानातल्या ज्या नाजूक पेशी मोठ्या आवाजाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत.

आणि सासूबाई किंवा आई टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असतील, तर चिडू नका. वय वाढतं तसे आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ असली अक्षरं त्या वरच्या सुरांतच असतात. आवाज येतो, शब्द लागत नाहीत. अशा वेळी सगळा आवाज वाढवण्याऐवजी सेटिंगमध्ये ‘ट्रेबल’ थोडा वाढवा, स्पीकर त्यांच्या जवळ ठेवा, आणि कानाच्या डॉक्टरांकडे एकदा घेऊन जा. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प होतो, आणि घरातले समजतात की स्वभाव बदलला.

जो आवाज पुन्हा मिळणार नाही

गाण्याच्या कंपन्यांची गाणी आज नाही तर उद्या मिळतील. पण कपाटात एखादी कॅसेट असेल, जिच्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, वडिलांनी म्हटलेली आरती आहे, नाहीतर मुलाचे बोबडे बोल आहेत. तिची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. चुंबकी फीत वर्षांगणिक झिजते, चिकटते, बुरशी धरते. हे काम मात्र पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

आधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही मुद्रित होणार नाही. टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या. मग टेपरेकॉर्डरची तार संगणकाला जोडून ‘ऑडॅसिटी’सारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मुद्रण करा. मोबाईल टेपसमोर धरून उतरवू नका, पंख्याची घरघरही त्यात जाईल.

साठवताना ‘वेव्ह’ ही पूर्ण फाईल ठेवा. तासाभराच्या कॅसेटला साधारण ६३५ एमबी लागतात. आठ जीबीच्या पेनड्राईव्हमध्ये अशा बाराएक कॅसेटी सहज मावतात. खरखर काढण्याच्या नादात मूळ प्रतीला हात लावू नका, ती सफाई वेगळ्या प्रतीवर करा. खरखरीबरोबर आवाजाचा श्वासही निघून जातो. तीन प्रती करा: एक संगणकात, एक पेनड्राईव्हवर, आणि एक बहिणीच्या किंवा नणंदेच्या घरी. एका घराला पाणी लागलं तरी दुसरीकडे आवाज शाबूत राहील. व्हॉट्सॲपवर नातेवाईकांना पाठवताना फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. टेपसमोर मोबाईल धरून पाठवलेला व्हॉइस मेसेज बोलण्यापुरता ठीक असतो. त्याची कात्री फार खोल चालते. आणि फाईलला नाव देताना कोण गातंय, कोणत्या साली, कुठे, एवढं लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्या नातवंडाला ते कुठल्याही यंत्रातून कळणार नाही.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढा, ॲपमधला ‘ऑटोमॅटिक’ बदला, मुलांच्या मोबाईलवर आवाजाची मर्यादा लावा, आणि वरच्या कप्प्यातली ती कॅसेट खाली काढा. नवीन साधनाच्या खरेदीचं मग बघू. बहुतेक घरांत ती करावीच लागणार नाही.